सामायिक पत्रांत कंपनीचा प्रवेश

संगणकाच्या क्षेत्रांतील कित्येक मोठीं कामें कोणा एका धन्याच्या भांडवलावर उभीं राहिलेलीं नाहींत. डेबियन ही संगणकप्रणाली १९९३ सालीं, आणि पडद्यावरील खिडक्या, चित्रें व याद्या सांभाळणारी ग्नोम ही रचना १९९७ सालीं सुरू झाली, ती अशाच रीतीनें. देशोदेशींचीं माणसें, कोणी फावल्या वेळांत, कोणी पगारी कामाचा भाग म्हणून, आपापला वांटा रचून देतात, आणि तो सर्वांना मोकळा असतो. एकमेकांची तोंडओळखही नसलेल्या ह्या शेंकडों माणसांना शेजाऱ्यानें काय चालविलें आहे हें कळावें कसें? गांवीं हें काम चावडी करते. येथें तें 'प्लॅनेट' नांवाचें सामायिक पत्र करतें. परंतु चावडीवर दुकानदार आपला माल मांडून बसूं लागला तर गांवानें काय करावें, हा प्रश्न ह्या पत्रापुढें वारंवार येतो, आणि त्याचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं.

ह्या पत्राला स्वतःचा असा लेखक नसतो. सभासद आपले लेख आपापल्या जागीं प्रसिद्ध करतात, आणि प्रत्येक जागीं यंत्राला वाचतां येईल अशी एक यादी ठेवलेली असते. लेखाचा मथळा, तारीख, मजकूर, आणि प्रत्येक लेखाची एक न बदलणारी खूण, एवढें त्या यादींत असतें. तिला 'फीड' म्हणतात. तिचा एक प्रसिद्ध नमुना मार्च १९९९ मध्यें नेटस्केप कंपनींत रामनाथन् गुहा व डॅन लिबी ह्यांनीं सिद्ध केला, आणि त्यास आर. एस. एस. असें नांव पडलें. (महाराष्ट्रांत ह्या तीन अक्षरांचा निराळाच अर्थ रूढ आहे, त्याचा येथें कांहीं संबंध नाहीं.) पुढें डिसेंबर २००५ मध्यें 'ॲटम' हा दुसरा नमुना प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. फीडचा जन्म अशा रीतीनें एका कंपनीच्याच घरीं झालेला आहे, ही गोष्ट व्यापाऱ्याला दारांतून परत लावणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

अशा फीड गोळा करणारा 'प्लॅनेट' हा प्रोग्राम जेफ वॉ व स्कॉट जेम्स रेमनंट ह्यांनीं पायथन भाषेंत लिहिला. त्याजपाशीं एक नांवनिशी असते. तींत व्यक्तीचें नांव, तिच्या फीडचा पत्ता, आणि बहुधा तिच्या मस्तकाचें एक लहानसें चित्र असतें. ठराविक वेळानें प्रोग्राम जागा होतो, एकेका दारीं जाऊन मागील फेरीनंतर कांहीं नवें आहे काय असें विचारतो, मिळेल तें तारखेच्या क्रमानें लावून एक पान तयार करतो, आणि पुनः स्वस्थ बसतो. संपादकाचें काम येथें एवढेंच, कीं नांवनिशींत कोण असावें आणि कोण नसावें हें ठरविणें. एकदां आंत आलेल्या फीडचा प्रत्येक नवा लेख कोणीही आधीं न तपासतां पानावर येतो. म्हणून सारा वाद दारांतच होणें क्रमप्राप्त आहे.

ग्नोमचें प्लॅनेट स्वतःला काम करणाऱ्या माणसांच्या जगाकडे, कार्याकडे व जीवनाकडे पाहण्याची खिडकी म्हणवितें. डेबियनमध्यें तर काम करणारा मनुष्य नांवनिशींत आपली ओळ आपणच भरूं शकतो, इतका तेथें परस्परांवर विश्वास आहे. दोहोंकडे गृहीत एकच : लिहिणारा मनुष्य आहे. कंपनीला मस्तक नसतें. ती चित्राच्या जागीं आपलें बोधचिन्ह पाठविते. वाचकाला त्या चिन्हाशीं वाद घालतां येत नाहीं, त्याची चूक त्याच्या पदरांत घालतां येत नाहीं, आणि तें चिन्ह पुढील वर्षीं कोणाच्या हुकमानें बोलेल हेंही सांगतां येत नाहीं.

उलट बाजूही दुबळी नव्हे. ग्नोमवरील पुष्कळसें काम वर्षानुवर्षें रेड हॅटसारख्या कंपन्यांच्या पगारी अभियंत्यांनीं केलेलें आहे. एखादा बिघाड कसा शोधला, एखादा वेग कसा वाढविला, ह्याचें सर्वांत उपयुक्त विवेचन पुष्कळदां कंपनीच्याच लेखमालेंत सांपडतें. कारण तो वेळ तिनेंच विकत घेतलेला असतो. तिला सरसकट मज्जाव केला, तर नुकसान वाचकाचें होतें. शिवाय, ज्याच्या श्रमावर सर्वांचें काम चालतें त्याला बोलूं न देणें हा न्याय नव्हे. सार्वजनिक उत्सवांत वर्गणी देणाऱ्या पेढीचें नांव कमानीवर झळकलें तर कोणी तक्रार करीत नाहीं. तक्रार होते ती कीर्तनकारच पेढीचा दर सांगूं लागला म्हणजे.

वृत्तपत्रांना हा पेंच फार पूर्वीं पडला होता. अमेरिकेंत १९१२ च्या कायद्यानें असें ठरलें, कीं टपालाच्या स्वस्त दराचा लाभ घेणाऱ्या पत्रांनीं पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असा स्पष्ट शब्द छापला पाहिजे. १९१३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानेंही तो कायदा उचलून धरला. प्लॅनेटला ह्या तोडग्याचा उपयोग थोडाच, कारण येथें पैशाची देवघेव होतच नाहीं. कंपनी कोणाला कांहीं देत नाहीं. फक्त वाचकाचा वेळ घेते.

मग ज्या कंपनीला प्रामाणिकपणें आंत यावयाचें आहे तिनें काय करावें? पहिली गोष्ट, सारी फीड पुढें करूं नये. नव्या कार्यालयाचें उद्घाटन, ग्राहकांचीं प्रशस्तिपत्रें, विक्रीची सवलत, हें सर्व वगळून केवळ त्या सामायिक कामाविषयींचे लेख ज्यांत येतील अशी वेगळी फीड काढावी. हें लेखांवर विषयाची खूण ठेवल्यानें सहज साधतें. प्रत्येक लेखावर लिहिणाराचें खरें नांव असावें. मजकूर पूर्ण द्यावा. दोन ओळी देऊन उरलेलें वाचण्यासाठीं स्वतःच्या दुकानांत बोलावणें ही युक्ति वाचक चटकन् ओळखतात आणि मनांत ठेवतात. लेखांत डोळ्यांस न दिसणारें एका बिंदूएवढें चित्र पेरून कोण वाचतो ह्याची टेहळणी करणें तर त्याहून वाईट. आणि लेखाच्या त्या न बदलणाऱ्या खुणेला खरोखरच हात लावूं नये. कंपनी आपली जागा बदलते, खुणा नव्यानें पडतात, आणि बिचारा प्रोग्राम दहा जुने लेख नवे समजून पानाच्या माथ्यावर ओळीनें मांडतो. त्या दिवशीं इतरांचें लेखन खालीं दडपलें जातें, आणि हेतु नसतांही कंपनीच्या नांवानें शंख होतो. अर्ज पाहणारे बहुधा विनावेतन काम करणारे असतात, म्हणून उत्तरास विलंब लागला तर तगादा लावूं नये.

ह्याहून बरा मार्ग स्पेनमधील ला कोरून्या शहरीं २००१ सालीं निघालेल्या इगालिया ह्या संस्थेनें पत्करलेला दिसतो. ती काम करणारांच्याच मालकीची आहे. तिच्या सभासदांच्या वैयक्तिक लेखांचें तिनें स्वतःचेंच एक प्लॅनेट चालविलें आहे. अशा व्यवस्थेंत लिहिणारा आपल्या नांवानें व आपल्या चेहऱ्यानें बोलतो, आणि बाहेरच्या सामायिक पत्रांना शिरायचें तें त्या माणसाला घेऊन. तो उद्यां दुसरीकडे नोकरीस गेला, तर त्याची ओळ त्याच्याबरोबर राहते.

नांवनिशींतून नांव काढण्यास समारंभ लागत नाहीं. लेखांत विक्रीचाच सूर वाढला, किंवा पत्ता बंद पडून प्रोग्राम महिनोगणती रिकाम्या हातांनीं परतूं लागला, कीं संपादक ती एक ओळ खोडतो. पुढील फेरीला प्रोग्राम त्या दारीं जात नाहीं.