मुलांकडे राहायला जाताना : पेन्शन, टॅक्स आणि बंद फ्लॅट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा या गच्चीवर भांडणं व्हायची ती पाण्याच्या वेळेवरून आणि पार्किंगवरून. आज संध्याकाळी वर येताना मी ए विंगच्या खिडक्या बघत होतो. बऱ्याच खिडक्यांत दिवा नव्हता. ती मंडळी मुलांकडे आहेत. कोणी न्यू जर्सीला, कोणी टोरांटोला, कोणी सिंगापूरला. आणि इथे बसलेल्यांपैकी काहींची तिकिटं निघाली आहेत, हे मला ठाऊक आहे.

मी बँकेत नोकरी केली. शेवटची काही वर्षं पेन्शनच्या टेबलावर आणि मग एनआरआय खात्यांच्या टेबलावर होतो. त्यामुळे कमिटीने हा विषय माझ्या गळ्यात घातला. कायद्याच्या कलमांचे नंबर मी मुद्दाम सांगणार नाही. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आहे, त्यात नंबर वेगळे आहेत. पाठ केलेले नंबर विसरायला लागतील, त्यापेक्षा नकोच.

पहिला प्रश्न मला लिफ्टमध्ये सगळे विचारतात. "अहो, आम्ही सहा महिने मुलाकडे राहून आलो, आम्ही एनआरआय झालो का?" साधारणपणे, नाही. १८२ दिवसांचा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण तो अर्धाच माहीत असतो. एप्रिल ते मार्च या वर्षात तुम्ही भारतात १८२ दिवस असलात तर रहिवासी, हे बरोबर. पण त्याच्याखाली दुसरी ओळ आहे. वर्षात ६० दिवस इथे असलात आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे असलात, तरीही रहिवासीच. ६० ऐवजी १८२ ची सवलत आहे ती नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याला, आणि बाहेर स्थायिक होऊन इथे भेटीला येणाऱ्याला. (भेटीला येणाऱ्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर तिथे १८२ ऐवजी १२० दिवस धरतात.) नातवाला सांभाळायला मे महिन्यात गेलेले आणि दिवाळीनंतर परत आलेले आजी-आजोबा या सवलतीत बसत नाहीत. ते रहिवासीच राहतात, आणि बहुतेकांसाठी ते फायद्याचंच आहे. का, ते पुढे सांगतो.

आता बँकेचं गणित वेगळं आहे. बँक परकीय चलनाच्या कायद्याने चालते, म्हणजे फेमाने, आणि तिथे दिवसांइतकाच तुमचा इरादा मोजला जातो. ग्रीन कार्ड घेऊन कायमचं राहायला निघालात की तुमचं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. पुष्कळ लोक बँकेला सांगतच नाहीत. "पेन्शन येतेय ना, कशाला हात लावायचा?" असं म्हणतात. पेन्शन एनआरओ खात्यातही येते, त्याला काही अडचण नाही. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम एनआरओ खात्यातून बाहेर नेता येते, आणि कर भरलेली पेन्शन किंवा भाडं तर त्या मर्यादेतही मोजत नाहीत. फॉर्म भरावे लागतात, मोठ्या रकमेला सी.ए.चं प्रमाणपत्र लागतं, एवढंच. उलट अनिवासी झाल्यावर साध्या खात्यावर १५एच देत राहिलात तर ते खोटं निवेदन होतं, कारण तो फॉर्म फक्त रहिवाशांसाठी आहे.

मघाशी म्हटलं, रहिवासी राहणं फायद्याचं. हिशेबच करू. समजा पेन्शन महिना ५०,००० आहे, म्हणजे वर्षाला ६ लाख. नव्या पद्धतीत ७५,००० ची वजावट जाऊन राहिले ५,२५,०००. रहिवाशाला १२ लाखांपर्यंत रिबेट असल्यामुळे कर शून्य. अनिवासी माणसाला हा रिबेट नाही. ४ लाखांच्या वरच्या १,२५,००० वर पाच टक्के, वर चार टक्के उपकर, म्हणजे ६,५०० रुपये. फार नाही. पण आता तोच माणूस फ्लॅट भाड्याने देतो, २०,००० महिना. भाड्याच्या तीस टक्के वजावट मिळते, उरतात १,६८,०००. एकूण उत्पन्न ६,९३,०००, आणि एकूण कर १५,२३६. मात्र घरमालक अनिवासी असेल तर भाडेकरूने दरमहा ३१.२ टक्के कापायचे असतात. म्हणजे २०,००० मधले ६,२४०. वर्षाचे झाले ७४,८८०! देणं पंधरा हजार आणि कापले पाऊण लाख. हे परत मिळतात, पण रिटर्न भरलं तरच मिळतात, आणि ते रिटर्न आपल्या नेहमीच्या आयटीआर-१ वर चालत नाही, आयटीआर-२ लागतो.

भाडेकरूचीही यात फरपट होते. त्याला टॅन नंबर काढावा लागतो, दर तीन महिन्यांनी विवरण भरावं लागतं. नाही कापलं तर नोटीस त्याला येते. म्हणून भाडेकरारात तुम्ही अनिवासी आहात हे स्पष्ट लिहा. बिचारा नोकरीला आलेला मुलगा, त्याला काय माहीत!

ज्येष्ठांच्या आणखी दोन सवलती सीमा ओलांडली की गळतात. व्याजावरची ५०,००० ची वजावट जुन्या पद्धतीत मिळते ती रहिवासी ज्येष्ठांना. धंदा नसलेल्या ज्येष्ठांना अॅडव्हान्स टॅक्स माफ आहे, तोही रहिवाशांनाच. पीपीएफ मात्र मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही.

ही झाली इकडची बाजू. तिकडची बाजू कोणी सांगत नाही, कारण मुलांनाही ती माहीत नसते. ग्रीन कार्ड मिळालं की अमेरिका तुमचं जगभरातलं उत्पन्न विचारते. इथली पेन्शन, इथलं व्याज, इथलं भाडं. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त असलं तरी तिथे नाही. दोन्हीकडे कर बसू नये म्हणून दोन देशांत करार असतो, पण प्रत्येक देशाबरोबरचा करार वेगळा, आणि सरकारी पेन्शनचं कलम वेगळं, खासगी पेन्शनचं वेगळं. करारातली सवलत इथे मागायची तर त्या देशाचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट आणि आपला फॉर्म १०एफ लागतो. तिथल्या सी.ए.ला, म्हणजे सी.पी.ए.ला, पहिल्याच वर्षी गाठा.

शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार नावाचं विवरण द्यावं लागतं. कर लागो न लागो. आणि इथे एक गोष्ट नीट ऐका. आपण सगळ्यांनी एफडीवर, बचत खात्यावर मुलाचं नाव दुसरं लावून ठेवलंय. पैसे आपले, नाव त्याचंही. तो अमेरिकेत राहत असेल तर ते खातं त्यालाही तिथे दाखवावं लागतं. तुम्ही कुठेही राहा. आज रात्री मुलाला फोन करून विचारा, दाखवतोस का म्हणून.

टुरिस्ट व्हिसावाल्यांनीही ऐकावं. तिकडे दिवस मोजण्याची पद्धत अशी आहे : या वर्षाचे पूर्ण, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याच्या आधीच्या वर्षाचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली की तुम्ही करापुरते तिथले रहिवासी. दरवर्षी १८० दिवस राहणाऱ्याची बेरीज १८० अधिक ६० अधिक ३०, म्हणजे २७० होते. ८८४० नंबरचा फॉर्म भरून यातून सुटता येतं, पण चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस असतील तरच. दरवर्षी १२० दिवस राहिलात तर बेरीज १८० वर थांबते आणि कटकटच नाही.

आता हयातीचा दाखला. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना नोव्हेंबरात द्यायचा असतो, ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएस-९५ वाल्यांनी वर्षात कधीही द्यावा, दिल्यापासून बारा महिने चालतो. बाहेरगावी असलात तर भारतीय वकिलातीतून किंवा तिथल्या नोटरीकडून सही होऊन आलेला दाखला चालतो. जीवन प्रमाण २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून फोनवर चेहरा दाखवूनही होतं. आपल्या वयात बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्यामुळे चेहऱ्याचं बरं. पण पहिला प्रयोग इथे, शेजारच्या पोराला बसवून करा. तिकडे मध्यरात्री ओटीपीची वाट बघत बसू नका. त्याच कारणासाठी इथलं सिम कार्ड रिचार्ज करत राहा. बँक, आधार, आयकर, सगळं त्या एका नंबरवर लटकलेलं आहे. दाखला चुकला तर पेन्शन थांबते, बुडत नाही. दाखला दिला की थकबाकीसकट मिळते.

खरी पंचाईत असते ती मागे राहणाऱ्या बाईची. आपल्याच सोसायटीतल्या एका वहिनींची गोष्ट त्यांना विचारून सांगतो. काका मुलीकडे परदेशात असताना गेले. बँकेला कळवलं नव्हतं, त्यामुळे पुढे दोन महिने पेन्शन जमा होत राहिली, आणि मुलीने त्यातून इथला मेंटेनन्स आणि वीजबिल भरलं. निधनानंतर जमा झालेली पेन्शन सरकारला परत द्यावी लागते, ती द्यावी लागली. ते निभावलं. पण फॅमिली पेन्शन अडली, कारण पीपीओत वहिनींचं लग्नाआधीचं नाव होतं आणि आधारवर लग्नानंतरचं. वर तिकडचा मृत्यूचा दाखला, त्याला अपोस्टिल, मग इकडे कुरियर. सात महिने गेले. मुलीच्या घरी त्यांना कशाची कमी नव्हती. तरी फोनवर मला म्हणाल्या, "भाऊजी, नातवाला वाढदिवसाला पाकीट द्यायचं तर जावयाकडे पैसे मागायचे का?"

म्हणून घरी गेल्यावर पीपीओ बाहेर काढा. कपाटात सगळ्यात खाली असतो. बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का बघा, नसेल तर निघण्याआधी दुरुस्तीचा अर्ज करा. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर करून ठेवा, म्हणजे त्याच खात्यात फॅमिली पेन्शन येते. हे दोघांनी मिळून बघा. आमच्या पिढीत कागद नवऱ्याकडे आणि काळजी बायकोकडे अशी वाटणी होती.

फ्लॅटबद्दल थोडक्यात. विकायचा विचार असेल तर रहिवासी असतानाच विका, असं मी सरळ सांगतो. रहिवासी विकतो तेव्हा ५० लाख आणि त्यापुढच्या किमतीला ग्राहक एक टक्का कापतो. अनिवासी विकतो तेव्हा किमतीची खालची मर्यादाच नाही, दर साडेबारा टक्के आणि वर अधिभार, उपकर. आणि नफा किती हे ग्राहकाला ठरवता येत नसल्यामुळे तो बहुतेक वेळा पूर्ण किमतीवर कापतो. आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी मिळवता येतं, त्याला वेळ लागतो. कुलमुखत्यारपत्र इथूनच नोंदवून जा. बाहेर केलेलं असेल तर भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं.

सोसायटीच्या ऑफिसात नॉमिनेशनचा फॉर्म आहे का ते विचारा. फ्लॅट नुसता बंद असेल तर बिनभोगवटा शुल्क लागत नाही, भाड्याने दिलात तर लागतं, आणि तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. हे मी सेक्रेटरींच्या समोर सांगतोय. ते मान हलवतायत, बघा.

पुढचे दोन रविवार सकाळी दहा ते बारा मी ऑफिसात बसणार आहे. येताना पीपीओ, पासबुक आणि पासपोर्ट आणा. पासपोर्ट शिक्क्यांसाठी हवा, दिवस मोजायला. जोडीने या. आणि ज्यांनी मघाशी मला हळूच विचारलं की डिसेंबरात तिकीट आहे, त्यांनी पहिल्याच रविवारी या.