सोनारी करवतीचे पाते : निवड व वापर

(अहिल्यानगर जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व प्रशिक्षणाशी संबंधित अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



केसाहून थोड्याच जाड अशा एका पोलादी पात्यावर बोलण्यासाठी मी आपणांसमोर उभा आहे. विषय लहान वाटेल. परंतु सोनाराच्या घरी धातूची तूट किती होते आणि शिकाऊ कारागिराचा हात किती लवकर बसतो, या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी या पात्यावर अवलंबून असतात.

आपल्या नगरीला कोरीव कामाची परंपरा नवी नाही. सोळाव्या शतकातील दमडी मशिदीच्या दगडावरील नक्षी आजही पाहणाऱ्यास थांबवते. दगडावर जे काम छिन्नीने होते, ते सोन्याचांदीच्या पत्र्यावर करवतीने होते. पदकातील कोयरी, वाकीवरील वेल, लॉकेटमधील नावाची अक्षरे ही पत्र्याला आरपार कापून काढलेली असतात. यालाच जाळीकाम म्हणतात.

शासकीय साहाय्य आणि योग्य अवजार

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत सोनारकामही आहे. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद या योजनेत आहे. अर्जाच्या पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायतीत असते. म्हणजे हा विषय पंचायत सदस्यांच्या दारातूनच पुढे जातो. साहाय्य मिळाले आणि अवजार चुकीचे निवडले गेले, तर हेतू अर्धाच साधतो. म्हणूनच पात्याची निवड कशी करावी, हे कारागिराइतकेच त्याला मार्गदर्शन करणाऱ्यासही ठाऊक असले पाहिजे.

क्रमांकाची भाषा

ही पाती सुमारे १३ सेंटिमीटर लांब असतात आणि डझनाने वा बारा डझनांच्या जुडग्याने विकली जातात. त्यांचे क्रमांक नवख्या माणसास चकवतात. १, २, ३ असा आकडा वाढत जातो तसे पाते जाड व दाते मोठे होतात. शून्याच्या खाली मात्र उलटा क्रम लागतो. २/० पेक्षा ४/० बारीक आणि ४/० पेक्षा ८/० अधिक बारीक. उत्पादकानुसार मापांत थोडा फरक पडतो. तरी २ क्रमांकाच्या पात्याची जाडी सुमारे ०.३४ मिलिमीटर, २/० ची ०.२६ आणि ४/० ची ०.२२ मिलिमीटर असते.

निवडीचा नियम

कापताना पत्र्याच्या जाडीत एकाच वेळी किमान दोन, शक्य तर तीन दाते असावेत. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत पत्र्याची कड अडकली, की पाते हिसका खाते व तुटते. २/० पात्याला एका मिलिमीटरमध्ये साधारण सव्वादोन दाते असतात. म्हणून एक मिलिमीटर जाड पत्र्याला ते योग्य ठरते. ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या पत्र्याला ४/०, अर्ध्या मिलिमीटरला ६/० आणि त्याहून पातळ पत्र्याला ८/० घ्यावे. सव्वा मिलिमीटरच्या आसपास २ क्रमांक चालतो.

येथे एक अडचण आहे, ती स्पष्ट सांगितली पाहिजे. अगदी पातळ पत्र्यात सर्वांत बारीक पात्याचेही दोन दाते पुरते बसत नाहीत. अशा वेळी करवत किंचित कलती धरावी, म्हणजे अधिक दाते धातूला लागतात. किंवा पत्र्याखाली पातळ लाकडी पट्टी चिकटवून दोन्ही एकत्र कापावीत.

तुटीचा हिशेब

०.८ मिलिमीटर जाडीच्या बावीस कॅरेट सोन्याच्या पत्र्यावर एकूण एक मीटर लांबीचा काप घेतला, असे समजू. २ क्रमांकाच्या पात्याने सुमारे ४.८ ग्रॅम सोन्याचा चूर होईल. ४/० ने सुमारे ३.१ ग्रॅम. फरक १.७ ग्रॅमचा आहे. हा चूर वाया जात नाही, हे खरे; परंतु तो गोळा करणे, आटवणे, शुद्ध करणे यांत खर्च व घट येतेच. झारेकऱ्याकडे जाणारी रक्षा जितकी कमी, तितका कारागिराचा लाभ अधिक. एका पात्याची किंमत या फरकापुढे नगण्य आहे.

वापराची शिस्त

पाते बसवताना दाते बाहेरच्या बाजूस व मुठीकडे झुकलेले असावेत, कारण काप खाली ओढताना होतो. चौकट किंचित दाबून पाते ताणावे. बोटाने छेडले असता तारेसारखा स्वच्छ नाद यावा. सैल पाते वळते आणि तुटते. जाळीच्या आतील भाग कापण्यासाठी आधी लहान भोक पाडून त्यातून पाते ओवावे. कोपऱ्यावर पुढे रेटू नये. करवत जागच्या जागी वरखाली चालवीत हळूहळू वळवावी. पात्याच्या पाठीला थोडे मेण लावावे. जास्त लावल्यास दाते भरून जातात.

शिक्षकांना एक विनंती आहे. पहिला सराव तांब्यापितळेच्या पत्र्यावर द्यावा. पण त्या कामाची जागा आणि चूर सोन्याचांदीपासून वेगळा ठेवण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी. मिसळलेला चूर पुन्हा शुद्ध करणे महागात पडते. शिकाऊ मुलाचे पाते तुटले तर त्यास रागावण्यापूर्वी पत्र्याची जाडी मोजावी. पुष्कळदा दोष हाताचा नसून निवडीचा असतो.

अवजारांची यादी करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की त्यांत केवळ 'करवतीची पाती' असे लिहू नये. कारागीर कोणत्या जाडीच्या पत्र्यावर काम करतो हे आधी विचारावे आणि त्याप्रमाणे क्रमांक लिहावेत. चांदीचे जाड काम करणाऱ्यास आणि सोन्याचे नाजूक काम करणाऱ्यास एकच पाते देऊन चालणार नाही. विचारण्यास एक मिनिट लागतो. न विचारल्याची तूट मात्र कारागीर रोज सोसतो.