समुद्रातील इंधन आणि एक मराठी वाक्य



मी साहित्याचा प्राध्यापक. तरी आज अणुसंमीलनावर बोलणार आहे. त्याविषयीच्या लेखनात एक वाक्य या ना त्या रूपात भेटते: समुद्राच्या पाण्यात अमर्याद, स्वच्छ ऊर्जा आहे. वाक्य सुबक आहे. ते जरा सोडवून पाहू.

समुद्रात मिळते ते ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक अणू. वडोदऱ्यात जड पाण्याचा प्रकल्प उभा राहिला, म्हणून इथे हा शब्द परका नाही. परंतु फ्रान्समध्ये उभारले जात असलेले 'ईटर' हे यंत्र ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या जोडीसाठी आहे. ही जोडी सर्वांत सहज जुळते, तरी तिला दहा कोटी अंशांहून अधिक तापमान लागते. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, निसर्गात ते नगण्यच. ते लिथियमपासून घडवावे लागते. शिवाय ऊर्जेचा सुमारे ८० टक्के वाटा न्यूट्रॉन घेऊन जातो आणि यंत्राच्या भिंती किरणोत्सारी करतो.

मग नुसते ड्यूटेरियम का नको? त्याचे दोन अणुगर्भ जुळले, की साधारण निम्म्या वेळा हेलियम-३ व न्यूट्रॉन मिळतात, निम्म्या वेळा ट्रिटियम व प्रोटॉन. लिथियम लागत नाही. पण प्लाझ्मा कितीतरी अधिक तापवावा आणि कोंडून धरावा लागतो. तिसरी वाट ड्यूटेरियम आणि हेलियम-३ यांची. तिच्या मुख्य अभिक्रियेत न्यूट्रॉन निघत नाही. मात्र ड्यूटेरियम आपसात जुळून थोडे न्यूट्रॉन देतेच. आणि हेलियम-३ पृथ्वीवर अतिशय दुर्मीळ.

म्हणजे त्या वाक्यातले 'अमर्याद' एका वाटेचे, 'स्वच्छ' दुसऱ्या वाटेचे आणि उभे राहणारे यंत्र तिसऱ्याच वाटेचे! विशेषण कोणत्या नामाचे, हे तर आपण वर्गात रोज शिकवतो.

भारत 'ईटर'चा भागीदार आहे. त्यात आपल्या करांचा पैसा आहे. त्याविषयी मत बनवायचे, तर हा फरक मराठीत सांगता आला पाहिजे. संमीलन, विखंडन, जड पाणी, अर्धायुष्य हे शब्द आपल्याकडे आहेत. 'ट्रिटियम' तसाच घ्यावा. माझी विनंती एवढीच, की विद्यार्थ्याने निबंधात 'अमर्याद ऊर्जा' लिहिले, तर मराठीच्या शिक्षकाने समासात विचारावे : कोणत्या इंधनातून?