खेळ : अभ्यासाचा एक विषय



एपीएमसी मार्केटचा दिवस पहाटेपूर्वीच सुरू होतो. 1981 पासून टप्प्याटप्प्याने मुंबईतून येथे आलेल्या कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, धान्य व मसाला या पाच बाजारांवर व्यापारी, अडते, तोलणार आणि माथाडी कामगार अशा हजारो कुटुंबांचा संसार चालतो. या कुटुंबांच्या राहणीत पुष्कळ अंतर असले, तरी एका बाबतीत त्यांचे विलक्षण एकमत आढळते. मुलगा नववीत गेला, की बॅट माळ्यावर जाते. मुलगी दहावीत गेली, की खो-खोचा सराव थांबतो. “आता अभ्यासाकडे लक्ष दे,” हे वाक्य गाळेमालकाच्या घरी ऐकू येते आणि माथाडीच्या घरीही. खेळ हाही अभ्यास असू शकतो, ही कल्पना त्या वाक्यात कोठेच नसते.

वास्तविक राज्य मंडळाच्या माध्यमिक अभ्यासक्रमात ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा विषय वर्षानुवर्षे आहे. तथापि दहावीच्या गुणपत्रिकेत त्याला गुण नसून केवळ श्रेणी असते. जे टक्केवारीत येत नाही ते पालकांच्या हिशेबात येत नाही, आणि परीक्षा जवळ आली की पुष्कळ शाळांत त्याचा तास गणिताच्या खात्यावर वर्ग होतो. दुसरीकडे, स्पर्धांत चमकणाऱ्या खेळाडूस दहावी-बारावीला जास्तीत जास्त 25 गुणांची सवलत मिळते. ती योग्यच आहे; परंतु ते स्पर्धेतील कामगिरीचे बक्षीस आहे, अभ्यासाचे मूल्यमापन नव्हे. वर्गातील एक-दोघांना तिचा लाभ होतो. उरलेल्यांच्या वाट्याला काय येते?

खेळाचे ज्ञान नसल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे खाशाबा जाधव यांच्या जीवनात दिसते. या बाजारातील कित्येक माथाडी बांधव ज्या सातारा जिल्ह्यातून आले, त्याच जिल्ह्यातील कऱ्हाडजवळचे गोळेश्वर हे खाशाबांचे गाव. तांबड्या मातीत तयार झालेला हा मल्ल 1948 साली लंडनला गेला, तेव्हा मॅटवरील कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यास नवखे होते. तरीही त्याने सहावा क्रमांक मिळविला. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून त्यांना रुपये 7000 दिले. असे गुरुजन विरळाच. हेलसिंकीत जपानी मल्लाशी प्रदीर्घ झुंज होताच खाशाबांना सोविएत मल्लासमोर उभे राहावे लागले. नियमानुसार मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु ती मागण्यास भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात आवर्जून नमूद असते. कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण नियम जाणणारा एक माणूस जवळ असता तर, हा प्रश्न राहतोच.

नियम जाणणे हाच या विषयाचा एक मोठा भाग होय. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीत शारीरिक शिक्षण हा ऐच्छिक विषय 70 गुण लेखी व 30 गुण प्रात्यक्षिक अशा रीतीने शिकविला जातो. त्यात स्नायूंचे कार्य, दुखापती, आहार, क्रीडामानसशास्त्र, गतीचे नियम आणि स्पर्धांचे नियोजन येते. हे नियोजन व्यापाऱ्यास विशेष भावेल, कारण तो शुद्ध हिशेब आहे. 11 संघ असतील तर बाद पद्धतीत 10 सामने होतात आणि पहिल्या फेरीत 5 संघांना पुढे चाल द्यावी लागते. साखळी पद्धतीत त्याच 11 संघांचे 55 सामने होतात. मैदान एकच आणि दिवस चार असतील तर कोणती पद्धत घ्यावी, याचे उत्तर आठवीतील मुलगाही काढू शकेल. ज्याला धावता येत नाही त्यालाही.

महाराष्ट्रास ही परंपरा परकी नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोचे नियम बांधले, तत्पूर्वी तो गावोगावी वेगवेगळ्या रीतीने खेळला जाई. त्याच वर्षी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. खेळाची मोजणी, नोंदणी आणि शिकवणी करणारी ती पिढी होती. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे होते.

एक आक्षेप येथे रास्त आहे. खेळाला गुण दिले, तर त्याचेही गाईड निघेल, क्लास निघेल आणि मुले मैदानाऐवजी बाकावर बसून ‘खो-खोचे फायदे’ पाठ करतील. ही भीती खोटी नाही. आपल्याकडे मूल्यशिक्षणाचेही पाठांतर होते. म्हणून लेखी परीक्षेहून प्रात्यक्षिकास अधिक वजन असावे: सामन्याचे गुणपत्रक भरणे, पंच म्हणून उभे राहणे, स्वतःच्या नाडीची नोंद ठेवणे, लहान वर्गाची स्पर्धा भरविणे. नवी मुंबईत मैदाने अपुरी असली, तरी यांतील बरेचसे शाळेच्या अंगणात होऊ शकते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही अभ्यासविषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांमध्ये भिंत नसावी असेच म्हटले आहे.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या शिक्षक पित्याने 2009 साली आपल्या मुलास राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे वर्षभर प्राथमिक प्रशिक्षण घेतल्यावर त्या मुलाने नेमबाजी निवडली. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये त्याच स्वप्नील कुसाळे याने 50 मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक खाशाबांनंतर 72 वर्षांनी आले.

जूनमध्ये शाळेचे वेळापत्रक घरी येते. त्यात शारीरिक शिक्षणाचे तास किती आहेत, आणि जानेवारी महिन्यातही ते होतात काय, एवढे दोन प्रश्न पालकसभेत या बाजारातील प्रत्येक आई-वडिलांनी अवश्य विचारावेत.