निमंत्रितांची संध्याकाळ आणि तिकिटाची खिडकी

(गावातील तरुणांनी स्वबळावर निर्मिलेल्या मराठी चित्रपटाच्या पहिल्या खेळानंतर झालेल्या सत्कार समारंभातील भाषणाचा संपादित अंश.)



हार-तुरे झाले, टाळ्याही झाल्या. त्या मनापासून होत्या, याविषयी मला शंका नाही. तरीही आज मी आपल्याला दोन तारखांविषयी सांगणार आहे.

पहिली तारीख २१ एप्रिल १९१३. मुंबईच्या ग्रँट रोडवरील ऑलिम्पिया चित्रगृहात दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चा पहिला खेळ निमंत्रितांसाठी केला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, न्यायमूर्ती नारायण चंदावरकर यांच्यासारखी थोर मंडळी उपस्थित होती. दुसरी तारीख ३ मे १९१३. त्या दिवशी गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात तोच चित्रपट पैसे मोजून येणाऱ्या प्रेक्षकांसमोर आला. या दोन तारखांमध्ये बारा दिवसांचे अंतर आहे, आणि मला वाटते, चित्रपट काढणाऱ्याची खरी परीक्षा त्या बारा दिवसांनंतरच सुरू होते. भांडारकरांच्या शाबासकीने फाळक्यांना उभारी आली असेल. परंतु कर्ज फेडायचे तर गिरणगावातल्या, गिरगावातल्या माणसाने खिशातून आणे काढावे लागत होते.

कर्ज म्हटले की सरस्वतीबाईंचे स्मरण अपरिहार्य आहे. १९१२ साली दादासाहेब लंडनला जाऊन आले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणला. पण भांडवल कोठे होते? धनिकाचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी एका वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून इवलासा चित्रपट तयार केला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. आणि दागिने देऊन त्या स्वस्थ बसल्या नाहीत. कोऱ्या फिल्मला कडेने छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे आणि शिवाय साऱ्या चमूचा स्वयंपाक, ही सगळी कामे त्या माउलीने केली. आज पडद्यावर श्रेयनामावली सरकत असताना मी मुद्दाम शेवटपर्यंत बसून होतो. ‘भोजन व्यवस्था’ या शब्दांखाली चार मातांची नावे दिसली. निर्मात्यांनो, ही नावे घातलीत, हे फार चांगले केलेत.

फाळक्यांपुढची दुसरी अडचण आज ऐकताना हसू येते. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरील उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी हेरले आणि राणीचा शालू नेसवला. गावातल्या पोस्टमनकडून पोस्टमनची आणि किराणा दुकानदाराकडून सावकाराची भूमिका करवून घेणारे आपले हे तरुण त्याच परंपरेतले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही!

मुंबईत ‘हरिश्चंद्र’ चालला. पण सुरतेला? तेथील प्रेक्षकाला रात्र रात्र चालणारे नाटक पाहण्याची सवय. तासा-दीड तासाचा खेळ त्याने का पाहावा? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर अवघे तीन आणे! पत्रकाराच्या सवयीने मी हा हिशेब ताडून पाहिला आहे. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट, म्हणजे पाऊण मैलही नाही. फुटाला सोळा चित्रे धरली तर छायाचित्रांचा आकडा मात्र जवळजवळ बरोबर येतो. आपला माल खपवण्यासाठी मैल थोडे ताणावे लागले, एवढेच. कलावंताला विक्रीची लाज वाटता कामा नये, हे त्या महापुरुषाला पुरते कळले होते.

नव्वद वर्षांनंतर ‘श्वास’चेही तसेच झाले. मित्रामित्रांनी पैसा उभा करून काढलेला तो चित्रपट. २००४ साली त्याला सुवर्णकमळ मिळाले. मराठीला तो मान ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाने लाभत होता. ऑस्करसाठी निवड झाली, पण अमेरिकेतील प्रचाराचा खर्च झेपेना. तेव्हा सामान्य मराठी माणसाने वर्गणी दिली. वर्गणी द्यायला आपण कधी मागे राहत नाही. तिकीट काढायला मात्र राहतो, हे कटू असले तरी खरे आहे. २०१५ साली राज्य शासनाने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी सोयीच्या वेळेचे बंधन घातले. वेळ शासन देऊ शकेल. त्या वेळी खुर्चीवर बसायचे कोणी?

आपला म्हणून सारेच गोड मानावे, असे मात्र मी म्हणणार नाही. मध्यंतरानंतरची पंधरा मिनिटे रेंगाळली. बाजाराच्या प्रसंगातील संवाद गलक्यात बुडाले. पण विहिरीवर थोरला भाऊ काही न बोलता दोर गुंडाळत राहतो, ते दृश्य पाहताना या सभागृहात एकही खुर्ची वाजली नाही. ते ज्याला सुचले, त्याने पुढचा चित्रपट काढलाच पाहिजे. त्यासाठी या चित्रपटाचे पैसे वसूल व्हायला हवेत.

आज आपण सारे निमंत्रणपत्रिकेवर आत आलो आहोत, मीसुद्धा. उद्यापासून याच सभागृहात आठवडाभर रोज सायंकाळी साडेसहाला खेळ आहे. संयोजकांकडे पास मागू नयेत, अशी विनंती आहे. मी उद्याची चार तिकिटे काढली आहेत. खिडकी बाहेर, डाव्या हाताला आहे आणि कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास उघडी राहणार आहे.