चार आठवड्यांनी पुन्हा विचारा



"टेन्शन असतं डॉक्टर, म्हणून घेतो." हे मी आजवर असंख्य जणांकडून ऐकलं. शेजारी बसलेली बायको तेवढ्यात म्हणते, "अहो, घेतात म्हणूनच टेन्शन आहे सगळं." दोघांचंही खरं असतं. कुणाचं किती खरं, हे मात्र पहिल्या भेटीत कळत नाही, आणि नेमकं तिथेच आपण निकाल देऊन मोकळे होतो.

दारूने धास्ती कमी होते, हे आधी मान्य करू. मेंदूत 'गाबा' हे रसायन शांत करतं, 'ग्लुटामेट' उत्तेजित करतं. दारू पहिल्याला बळ देते, दुसऱ्याला दाबते. पण रोजच असं व्हायला लागलं की मेंदू तोल सावरण्यासाठी उत्तेजनाची बाजू वाढवून ठेवतो. रात्रीची दारू उतरते, ते वाढलेलं उत्तेजन उतरत नाही. मग पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, तळव्यांना घाम, कपबशी धरवत नाही इतका हाताला कंप. माणूस याला टेन्शन म्हणतो आणि उतारा म्हणून सकाळीच पेला भरतो. ही धास्ती बऱ्याच अंशी कालच्या दारूनेच दिलेली असते.

उदासीचंही असंच. अमेरिकेत सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट यांनी व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेल्या पुरुषांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. दाखल होताना शंभरातल्या ४२ जणांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं होती. दारूविना चार आठवडे गेल्यावर उरले फक्त ६. बाकीच्यांची उदासी दारूबरोबर ओसरली.

मला काळजी त्या सहांची वाटते. त्यांचं नैराश्य दारूच्या आधीपासूनचं असू शकतं. धास्तीचंही तेच. शाळेत वर्गापुढे उभं राहायला घाबरणारा मुलगा पुढे मित्रांत दोन घोट घेतल्यावर मोकळा बोलू लागतो. दारू सुटली तरी त्याची ती भीती जागेवरच असते. घरचे म्हणतात, "सुटली ना आता? मग तोंड पाडून का बसतोस?" अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या दोन संस्थापकांपैकी बिल विल्सन यांनी १९३४ मध्ये दारू सोडली, पुन्हा घेतली नाही, तरीही त्यानंतर दहा वर्षांनी त्यांना तीव्र नैराश्याने गाठलं आणि ते कित्येक वर्षं टिकलं. त्यांच्या निश्चयात काय कमी होतं? असा माणूस उपचाराविना राहिला, तर पुन्हा बाटलीकडे वळण्याचा धोका मोठा असतो.

म्हणून "आधी दारू सोड, मनाचं मग बघू" हा सल्ला मला अपुरा वाटतो. दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी विचारले गेले पाहिजेत. हे आपल्या शेजारी गोव्यात करून पाहिलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी आणि पुरुषांच्या घातक मद्यपानासाठी समुपदेशनाचे वेगवेगळे प्रयोग केले. बोलणारे तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. दारूसाठी जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के त्या पातळीच्या पिण्यातून बाहेर आले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होतं. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोन्ही प्रयोगांत लोकांना फायदा झाला.

घरच्यांना माझी विनंती आहे. रोज भरपूर पिणाऱ्याला घरी कोंडून एकदम बंद करायला लावू नका. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. सुटल्यावर चार आठवड्यांनी त्याच्याजवळ बसा आणि झोप लागते का, मन कशात रमतं का, एवढं विचारा. मरणाची भाषा निघाली, तर मात्र एक दिवसही थांबू नका. १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.