तांबड्या पेशीचा उंबरठा

श्रोतेहो, बोटाला काटा रुतला की रक्ताचा थेंब येतो. त्या एवढ्याशा थेंबात कोट्यवधी तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. आत कोणी यावे आणि किती वेगाने यावे, हे तो पडदा ठरवितो.

पेशी साध्या पाण्यात टाकल्या, तर मनुकेप्रमाणे टम्म फुगतात आणि अखेर फुटतात. ग्लिसरिनाची गोष्ट निराळी. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशीत ते झपाट्याने शिरते. गाईच्या, मेंढीच्या पेशीत फार सावकाश. रक्त सारखेच तांबडे, पण दारे वेगळी! माणसाच्या पडद्यात ग्लिसरिनाला वाट देणारे खास प्रथिन आहे.

तुम्ही म्हणाल, याचा आम्हांला काय उपयोग? त्यासाठी मुंबईच्या परळात चला. 1952 साली तेथील के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाची माहिती जगापुढे मांडली. ओ गटाच्या पेशीच्या पडद्यावर ‘एच’ नावाची खूण असते. या माणसांत तीही नसते. या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव पडले. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादाच माणूस या गटाचा. वरवरच्या तपासणीत तो ओ गटाचा वाटतो. पण ओ गटाचे रक्त दिले, तर जिवावर बेतते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त हवे.

ते आयत्या वेळी कोठून आणावयाचे? शीतकपाटात रक्त पाच-सहा आठवडेच टिकते. नुसते गोठवावे, तर बर्फाने पेशी फुटतात. 1950 च्या सुमारास इंग्लंडात युक्ती सापडली : पेशींत आधी ग्लिसरिन मुरू द्यावयाचे, मग गोठवावयाचे. अशा पेशी वर्षानुवर्षे टिकतात. देण्यापूर्वी मात्र ग्लिसरिन हळूहळू धुऊन काढावे लागते. घाई केली की पेशी फुटल्याच! माणसाच्या पेशीचे दार ग्लिसरिनाला उघडे आहे, म्हणून हे साधते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक गोष्ट गावात अवश्य सांगा. रक्तगट तपासताना पेशींबरोबर रक्तद्रवही तपासला पाहिजे. बॉम्बे गटाच्या माणसाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींत मिसळला, की त्या पेशींच्या गुठळ्या होतात. तेथेच गट ओळखू येतो. घरात एकाचा असा गट निघाला, तर सख्ख्या भावंडांचे रक्त जरूर तपासून घ्या. प्रत्येकाचा तोच गट असण्याचा संभव निदान चारांत एक असतो. रक्तपेढीत त्यांची नावे नोंदवून ठेवा. अडल्या वेळी सख्खे भावंडच उपयोगी पडेल.